टोपली कुणी उचलायची

१ जानेवारी २०२५ पासून आमच्या इंदूरात भीक देणं गुन्हा ठरलं. मागणाऱ्याला हटकण्याची रीत जुनीच. या वेळी प्रशासनानं देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचं जाहीर केलं. खजराण्याच्या गणपतीबाहेर, रणजित हनुमानाच्या रस्त्याला, चौकाचौकातल्या सिग्नलला रोज दिसणारे काही चेहरे त्यानंतर दिसेनासे झाले. या निर्णयामागचा हेतू मला समजतो. लहान पोरांना भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या असतात. शिवाय मे महिन्याच्या उन्हात फुटपाथवर बसलेल्या सत्तरीच्या बाईच्या हातावर दहाची नोट ठेवून पुढे जाणं हा काही धर्म नव्हे, ते आपल्या मनाचं समाधान. तरीही एक प्रश्न उरतोच. ती बाई मागत होती, कारण तिला लागत होतं. मागणं बंद झालं, लागणं थोडंच बंद झालं? मग आता तिच्या वतीनं मागायला कोण जाणार?

हा प्रश्न मला आधीपासून छळतो आहे. २०२१ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, शहरातल्या बेघर म्हाताऱ्यांना पालिकेच्या गाडीत घालून देवास रस्त्यावरच्या शिप्रा गावापाशी उतरवण्याचा प्रकार घडला होता. गावकऱ्यांनी आरडाओरडा केला, मोबाईलवर चित्रण केलं, तेव्हा त्या माणसांना पुन्हा गाडीत चढवावं लागलं. ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. धड उभंही राहता न येणारी माणसं आणि त्यांची गाठोडी. स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवणाऱ्या माझ्या शहराचा मला मनापासून अभिमान आहे, आणि म्हणूनच ते पाहताना पोटात खड्डा पडला. पुढे कारवाई झाली, माफीही मागितली गेली. पण माझ्या लक्षात राहिले ते शिप्रा गावचे लोक. त्यांचं त्या म्हाताऱ्यांशी नातं नव्हतं, गोतं नव्हतं. तरी ते मध्ये पडले.

पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्सच्या वायव्येला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, घरकाम करणारी एक बाई अशीच मध्ये पडली होती. झान ज्युगां तिचं नाव. तिनं सुरू केलेल्या घरातून पुढे ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ हा नन्सचा संघ उभा राहिला. निराधार म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी त्यांची घरं आज तीसेक देशांत आहेत. मदर तेरेसांचं नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं; पण तेरेसा कोलकात्यात येण्याच्या जवळजवळ अर्धं शतक आधी, १८८२ साली, या नन्सनी तिथं वृद्धांसाठी घर उघडलं होतं. झानबद्दल वाचायला लागले आणि ती डोक्यातून जाईचना.

कांकाल हे तिचं गाव, कोळ्यांचं. कालवांसाठी आजही प्रसिद्ध. २५ ऑक्टोबर १७९२ ला ती जन्मली तेव्हा इकडे महेश्वरी अहिल्याबाईंचं राज्य चालू होतं आणि तिकडे फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली होती. धर्मशिक्षण लपूनछपून चालायचं. बाप समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. झान तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. सोळाव्या वर्षी ती एका उमराव बाईच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. ही बाई गोरगरिबांच्या घरी जाताना झानला सोबत न्यायची. एका खलाशानं लग्नाची मागणी घातली, काही वर्षं वाट पाहून पुन्हा विचारलं. तिनं नाही म्हटलं. पंचविसाव्या वर्षी ती गाव सोडून जवळच्या सँ-सेर्वां या बंदराच्या गावी आली. तिथल्या इस्पितळात सहा वर्षं राबली, तब्येत ढासळली, मग एका बाईंच्या घरी बारा वर्षं नोकरी केली. त्या बाई १८३५ साली वारल्या. पुढे मिळेल ते रोजंदारीचं काम. वयाची सत्तेचाळीस वर्षं झाली तरी लोकांनी दखल घ्यावी असं तिच्या आयुष्यात काही घडलं नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, शिक्षण बेताचं, आणि एका वयस्कर मैत्रिणीबरोबर भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या आणि माळा.

१८३९ च्या हिवाळ्यात तिला आन शोव्हां नावाची विधवा भेटली. आंधळी, अर्धांगवायूनं जखडलेली, आणि जी बहीण तिचं सगळं करायची ती इस्पितळात दाखल झालेली. झाननं तिला उचलून जिन्यावरून वर आणलं, स्वतःच्या पलंगावर निजवलं आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. संस्थेची स्थापना म्हणतात ती एवढीच. सभा नाही, ठराव नाही, कोनशिला नाही. पाहुण्याला पलंग देऊन आपण खाली अंथरूण घालणं आपल्याला नवं नाही, पण पाहुणा चार दिवसांनी जातो. ही जाणार नव्हती. आणि ते झानला पहिल्या रात्रीच ठाऊक असणार.

तिच्यामागून दुसरी आली. ती आयुष्यभर एका घरात चाकरीला होती. मालकांचे पैसे संपल्यावर तिनं पगाराविना त्यांची सेवा केली, शेवटी त्यांच्यासाठी भीकही मागितली, आणि ते गेल्यावर तिला कुणीच उरलं नाही. मग तिसरी, चौथी. १८४१ साली झान आणि तिच्या सोबतच्या बायकांनी पूर्वी गुत्ता असलेली एक तळमजल्याची मोठी खोली घेतली. तिथं बारा म्हाताऱ्या राहू लागल्या. पुढच्या वर्षी एक जुना मठच विकत घेतला, तो अर्थात उसनवारी करून आणि वर्गणी जमवून. म्हाताऱ्या चाळिसापर्यंत पोचल्या. सोबतच्या बायका दिवसभर बाहेर कामाला जायच्या आणि मजुरी घरात आणून द्यायच्या. ज्या म्हाताऱ्यांचे हात चालत होते त्या लोकर पिंजायच्या, सूत कातायच्या. तेवढ्यावर चाळीस पोटं भरत नव्हती.

खरी गोष्ट इथून सुरू होते. यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या घरात येण्याआधी भीक मागत. प्रत्येकीची ठरलेली दारं होती: अमक्या घरी सोमवारी पाव, तमक्याकडे शनिवारी चार पैसे. घरात राहायला आल्यावरही त्यांना तसंच बाहेर जावं लागलं असतं, थंडीत, घसरड्या रस्त्यावरून. झाननं त्यांना विचारलं, तुमचे दाते कोण कोण ते मला सांगा. आणि टोपली घेऊन ती स्वतः त्या दारांवर गेली. यापुढे ती म्हातारी येणार नाही, तिच्याऐवजी मी येईन, तिला जे देत होतात ते माझ्याजवळ द्या.

भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचे पुष्कळ उपाय माणसांनी आजवर केले. पकडलं, कोंडलं, गावाबाहेर सोडलं, देणाऱ्याला दंड केला. झाननंही त्या बायकांना रस्त्यावरून हटवलं. पण त्यांच्या जागी ती स्वतः रस्त्यावर उतरली. मी इतकं साधं आणि इतकं अवघड दुसरं काही वाचलेलं नाही. तिला हे जड गेलंच नसेल असं कुणी समजू नये. ती कष्ट करून खाणारी, गरीब पण मानी घरातली. हात पसरणं तिला जिवावर यायचं, आणि मागून दमल्यावरही पुन्हा निघायला लागायचं, असं तिनंच पुढे सांगितलं आहे.

आपल्या मराठी माणसाला मागण्याचा हा मान परका नाही. माझे आजोबा कोकणातून इंदूरला शिकायला आले ते वारावर जेवून शिकले. रामबागेतल्या कुठल्या घरी कुठला वार, कुणाकडची आमटी आंबट आणि कुणाच्या घरी ताक मागितल्याशिवाय वाढायचे नाहीत, हे ते म्हातारपणी नातवंडांना रंगवून सांगत. त्यात लाज नव्हती, कारण देणाऱ्यांनी ती ठेवली नव्हती. माधुकरी मागून शिकलेली माणसं आपल्याकडे पुढे मोठमोठ्या पदांवर गेली. समर्थांनी तर भिक्षेच्या निमित्तानं घरोघर जाऊन माणसं पारखायला सांगितली. महर्षी कर्वे हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यातल्या बायकांना रोज दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायला लावलं आणि त्या मुष्टिफंडातून वसतिगृहातली पोरं जेवली. वसतिगृहाची चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. मूठभर धान्यात पैशाचा हिशेब फार नसतो, पण ते काढणाऱ्या बाईला रोज सकाळी त्या पोरांची आठवण होते. माझ्या मते मुष्टिफंडाची खरी करामत ती.

झानही तेच करत होती. तिच्याबद्दल दोन प्रसंग सांगितले जातात. एका माणसानं मागायला आलेल्या झानच्या थोबाडीत मारली. ती म्हणाली, हे माझ्यासाठी झालं, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या. दुसरा प्रसंग मला जास्त आवडतो. एका श्रीमंत म्हाताऱ्यानं एकदाचं काहीतरी दिलं. दुसऱ्या दिवशी ही पुन्हा दारात. तो चिडला. ती शांतपणे म्हणाली, माझी माणसं काल भुकेली होती, आज भुकेली आहेत, उद्याही असतील. त्या दिवसापासून तो नेमानं देऊ लागला म्हणतात. थोबाडीतल्या प्रसंगात सहनशक्ती दिसते, ती थोर आहेच. पण रोज पुन्हा त्याच दारात उभं राहणं, ‘कालच तर दिलं’ हे शब्द रोज ऐकणं, आणि तरी चेहऱ्यावर आठी न पडू देणं, हे वृद्धसेवेचं खरं रूप आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं ज्यानं केलं आहे त्याला हे लगेच कळेल. कालचं अंथरूण बदललेलं असतं. आज पुन्हा बदलायचं असतं.

आंजे या गावी त्यांचं घर होतं, तिथली लोण्याची गोष्टही अशीच. म्हातारी माणसं कोरडा पाव खात होती. तिकडच्या माणसाला लोण्याशिवाय पाव म्हणजे आपल्याकडच्या वरणभाताला तूप नसण्यासारखं. झाननं चौकशी केली तर लोणी मिळालंच नव्हतं. तिनं संत जोसेफच्या मूर्तीपुढे लोण्याची रिकामी भांडी मांडायला लावली. पुढे कुणीतरी लोणी पाठवलं. यात चमत्कार पाहायचा की गावातल्या कुणाच्या कानावर गेलं असेल असं म्हणायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यात एवढंच दिसतं, की लोणी ही म्हाताऱ्यांची चैन आहे असं तिला वाटलं नाही. पोट भरतंय ना, मग झालं, असं ती म्हणाली नाही.

१८४५ साली फ्रेंच अकादमीनं तिला माँतियों पारितोषिक दिलं, ३,००० फ्रँक. गरीब माणसाच्या सत्कृत्यासाठी दिला जाणारा तो फ्रान्समधला मोठा मान होता. रेन, दिनां, तूर, आंजे अशा गावोगावी घरं उघडत गेली, आणि बहुतेक ठिकाणी पहिली टोपली तिनंच फिरवली. पण याच्या दोन वर्षं आधी, १८४३ च्या डिसेंबरात, घरात एक वेगळी गोष्ट होऊन गेली होती. सोबतच्या बायकांनी झानला प्रमुख म्हणून निवडलं होतं. गावातले तरुण धर्मगुरू ल पायर यांनी ती निवड रद्द केली आणि तेवीस वर्षांच्या मारी जामेला प्रमुख नेमलं. झान काही बोलली नाही; टोपली घेऊन मागायला जात राहिली. १८५२ साली तिला मुख्य मठात बोलावून घेतलं आणि मागायला जाण्याचं कामही काढून घेतलं. दात्यांशी संबंध ठेवायचा नाही असं सांगितलं. पुढची सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत, ती मठात एक साधी वृद्ध नन म्हणून राहिली. नव्यानं दाखल होणाऱ्या तरुण मुलींना ठाऊकच नव्हतं, की बागेत काठी टेकत चालणारी ही म्हातारी म्हणजे या सगळ्याची सुरुवात. संस्थापक म्हणून ल पायर यांचं नाव शिकवलं जात होतं, आणि झान तिसरी सिस्टर म्हणून नोंदली गेली होती.

इथवर आलं की माझा जीव तळमळतो. संत, नम्रता, त्याग हे शब्द वापरून अन्यायावर पांघरूण घालायला मी तयार नाही. तुम्ही माझं काम चोरलंत, पण मी ते खुशीनं तुम्हाला देते, असं ती ल पायर यांना म्हणाल्याचं सांगतात. त्यातला ‘चोरलंत’ हा शब्द माझ्यासाठी महत्त्वाचा आहे. तिला कळत होतं. कळूनही तिनं संस्था मोडू दिली नाही. १८७९ च्या २९ ऑगस्टला, शहाऐंशी वर्षांची होऊन, ती गेली. तोवर घरांची संख्या पावणेदोनशेच्या आसपास पोचली होती. १८९० साली रोमनं चौकशी करून ल पायर यांना पदावरून दूर केलं. मारी जामेनं शेवटच्या आजारात कबूल केलं, की पहिली सिस्टर मी नव्हते, झान होती. २००९ साली पोप बेनेडिक्ट यांनी झानला संतपद दिलं.

पण त्या सत्तावीस वर्षांत एकदा तिला बोलावणं आलं होतं. १८६५ साली काही दात्यांनी संघाला दरवर्षी ठरलेलं उत्पन्न मिळेल अशी तजवीज करून देऊ केली. वरिष्ठांना निर्णय होईना. तेव्हा त्यांनी बाजूला टाकलेल्या म्हातारीला सभेत बसवून मत विचारलं. तिनं सांगितलं, कायमचं उत्पन्न घेऊ नका. रोजच्या दानावरच राहा. त्या ठरावावर तिची सही आहे. त्या संघाची घरं पुढे याच रीतीवर चालत आली.

हे वाचून मी बराच वेळ विचारात पडले, कारण माझ्या गावाचा सगळा संस्कार याच्या उलट आहे. आम्ही अहिल्याबाईंच्या गावचे. अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभारली, ती खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या हक्काच्या, पैशातून. आणि आपल्यामागे ती बंद पडू नयेत म्हणून उत्पन्नं लावून दिली. त्या दूरदृष्टीपुढे आम्ही आजही हात जोडतो. दान म्हणजे कायमची सोय, हे आमच्या अंगात भिनलं आहे. ट्रस्ट करा, ठेव ठेवा, व्याजावर चालू द्या, संगमरवराच्या पाटीवर नाव कोरा. मग मागावं लागत नाही. राणीनं असंच करायला हवं. तिच्या हाती राज्य होतं, आणि ते राज्य पुढच्या पिढीत कसं चालेल याची खात्री तिला नव्हती. झानच्या हाती टोपली होती. तिला भीती वेगळी होती. एकदा का व्याज येऊ लागलं, की गावाला आपली गरज उरणार नाही आणि आपल्याला गावाची. मग म्हातारी माणसं चार भिंतींत राहतील, व्यवस्थित जेवतील, आणि गाव त्यांना विसरून जाईल.

सिकंदराबादला मी हे डोळ्यांनी पाहिलं. माझी मुलगी काही वर्षं तिथं राहत होती. मोंडा मार्केटमध्ये सकाळी भाजी घ्यायला गेलो असताना याच संघाच्या, पांढऱ्या पोषाखातल्या दोन नन्स दिसल्या. एक तरुण, एक बरीच वयस्कर. मागे हातगाडी घेतलेला एक पोरगा. त्या कुणाजवळ काही बोलत नव्हत्या, नुसत्या गाळ्यासमोर उभ्या राहायच्या. टोमॅटोवाल्यानं वरचे नरम पडलेले टोमॅटो बाजूला सारले, खालच्या क्रेटमध्ये हात घालून कडक, लालबुंद असे निवडून निवडून त्यांच्या पिशवीत घातले. वजन केलं नाही. पुढे कोथिंबीर विकणारी एक बाई होती, तिच्याजवळ सगळा मिळून दोन टोपल्यांचा माल. तिनं दोन जुड्या काढून दिल्या आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. वयस्कर ननने हसून, गुडघ्याकडे हात करून उत्तर दिलं. मी मुलीला विचारलं, काय म्हणतेय गं ती? मुलगी म्हणाली, कुठल्याशा आजीचा गुडघा सुजला होता म्हणे, तो उतरला का विचारतेय.

त्या कोथिंबिरीच्या दोन जुड्यांनी भाजीवाली त्या घराशी जोडली गेली होती. तिथं कोण आजारी आहे, कोण गेलं, हे तिला माहीत होतं. एखाद्या कंपनीनं त्या घराला वर्षाची भाजी एका धनादेशात दिली असती, तर स्वयंपाकघराचं भागलं असतं. तो सुजलेला गुडघा मात्र बाजारात कुणाला कळला नसता.

अक्काच्या वृद्धाश्रमात हेच नव्हतं. अक्का माझी आत्या. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत शिकवलं, भावंडांची पोरं वाढवली. रामबागेतला वाडा विकला गेला, फ्लॅट झाले, भाचेपुतणे पुण्याला, बंगळुरूला, कुणी त्याच्याही पलीकडे. कुणाचा दोष काढायला बसले तर कुणाच्याच पदरी पुरता पडत नाही. अक्कानं स्वतःच ठरवलं आणि एका चांगल्या नावाच्या वृद्धाश्रमात गेली. मोठी अनामत रक्कम भरली, महिन्याचे पैसे तिच्या पेन्शनीतून. जागा स्वच्छ, जेवण वेळेवर, डॉक्टर ठरल्या दिवशी येणार. वाढदिवसाला लोक मुलाबाळांसह येत, फळं वाटत, फोटो काढत. एकदा असेच लोक येऊन गेल्यावर अक्का मला म्हणाली, “अगं, इथं सगळे द्यायलाच येतात. मागायला कुणी येत नाही.”

मला आधी कळलं नाही. तिनंच सांगितलं, की ती स्वयंपाकघरात जाऊन मेथी निवडू का म्हणून विचारून आली होती. नियमात बसत नाही असं उत्तर मिळालं. पुढे मी भेटायला जाताना मंडीतून मेथीच्या जुड्या घेऊन जाऊ लागले. अक्का पलंगावर वर्तमानपत्र पसरायची, चष्मा पुसायची, आणि सुरुवात करायची. हाताला कंप होता, पण अंगठ्याच्या नखानं पान खुडताना तो थांबायचा. कोवळे देठ पानांत, जून देठ वेगळे, पिवळं पान तिसऱ्या ढिगात. मध्येच मला ओरडा बसायचा, “कोवळी डेखं टाकतेस कशाला, भाजीत गोड लागतात.” निवडलेली मेथी मी घरी आणायची, भाजी करायची, आणि पुढच्या खेपेला तिला डब्यात न्यायची. एवढ्यासाठी ती माझी वाट पाहायची. झानच्या घरातल्या लोकर पिंजणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल वाचलं तेव्हा मला अक्काच आठवली.

आपल्याकडे २००७ सालचा कायदा आहे, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीचा. मुलं सांभाळत नसतील तर लवादाकडे दाद मागता येते. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देववता येतो. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम असावा, अशीही त्यात तरतूद आहे. कायदा हवाच. ज्या बाईला मुलानं घराबाहेर काढलं तिला आधी छप्पर आणि पैसेच लागतात. पण लवाद महिना पैसे देववू शकतो, मेथी निवडायला देऊ शकत नाही.

सध्या मी आमच्या भागातल्या एका लहानशा वृद्धाश्रमाच्या समितीवर आहे. पंधरा-वीस माणसं, बहुतेक बायका, आणि बहुतेकींजवळ भरायला काहीही नसलेल्या. आमच्यात यावरूनच खडाजंगी चालू असते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणतात, “ताई, एकदा मोठी ठेव उभी राहिली की कुणापुढे हात पसरायला नको. व्याजावर निवांत चालेल.” ते रात्रंदिवस या घरासाठी झटतात, म्हणून त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. नन्स पगार घेत नाहीत. आमच्याकडे रात्रपाळीला येणाऱ्या दोन मुलींना पगार द्यावा लागतो, आणि तो वेळेवरच द्यायला हवा. औषधांचंही तसंच. इन्सुलिन संपलं म्हणून रिकामी बाटली देवापुढे ठेवून चालत नाही. तेव्हा ठेव हवी, हे मी मान्य केलं. पण पगार आणि औषधं ठेवीच्या व्याजातून, आणि स्वयंपाकघर मात्र गावाच्या दानावर, असं माझं म्हणणं आहे. रोजची भाजी, आठवड्याचं दूध, पोळ्यांचा आटा, हे मागून आणायचं. दिवाळीला एकदम नको, दर आठवड्याला हवं. ‘कालच दिलं’ म्हणणाऱ्याच्या दारातसुद्धा पुन्हा जायचं.

काही जणी घाबरल्या. भीक मागण्यावर बंदी आहे, आपल्यालाच कुणी धरलं तर? म्हणून संस्थेचं पत्र, ओळखपत्रं आणि पावतीपुस्तक छापून घेतलं आहे. पावतीवर रक्कम किंवा वस्तू, दोन्ही लिहायला जागा ठेवलीय; वांगी दीड किलो, असंही लिहिता येईल. काकांनीच ते रकाने आखून दिले.

येत्या गुरुवारी चोइथराम मंडीत जायचं ठरलं आहे. पहाटे सहाच्या आत पोचायला हवं, गाड्या रिकाम्या होत असताना व्यापारी मोकळेपणी बोलतात. आठनंतर त्यांना वेळ नसतो. कापडी पिशव्या शिवून झाल्यात. आश्रमातल्या कुणालाही मागायला न्यायचं नाही हा पहिला नियम मीच लिहून ठेवला होता. पण एका आजींना चालता चांगलं येतं, आणि त्यांनी यायचंच म्हणून हट्ट धरला आहे. मागण्याचं काम तुमचं, ते तुम्ही करा, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. “भाजी मात्र मी बघून घेणार. जून वांगं तुम्हाला कुणाला ओळखता येत नाही.”